एकेचाळिसावी चाल

नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी, दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी, कोबुलेतीच्या समुद्रकाठच्या आरोग्यधामात चाललेल्या ज्येष्ठांच्या बुद्धिबळ स्पर्धेतला पाचव्या पटावरचा डाव बरोबरीत सुटला. पांढऱ्या मोहऱ्यांनी जुंबेर कलांदाझे खेळत होता. वय बहात्तर, गाव ओझुर्गेती. काळ्या मोहऱ्यांनी लामारा कुतातेलाझे; वय अडुसष्ट, गाव कुताइसी. सातवी फेरी, शेवटची. चाली एकेचाळीस.

चाळीस चाली होईपर्यंत बरोबरी मागायची नाही, असा या स्पर्धेचा नियम होता. म्हाताऱ्या खेळाडूंना पंधराव्या चालीला हात मिळवून चहाला जायची सवय असते, म्हणून. जुंबेरने एकेचाळिसावी चाल केली, घड्याळाकडे नेलेला हात मध्येच थांबवला आणि तीन तास वीस मिनिटांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

‘कल्बातोनो लामारा... बरोबरी?’

पटावर बसल्यावर समोरच्या माणसाशी बोलायची मुभा असते ती जवळजवळ एवढ्याच एका वाक्यापुरती. कल्बातोनो म्हणजे बाईसाहेब, आणि हे त्याने इतक्या हळू विचारलं, की शेजारच्या पटावरच्या कोणी मानही वर केली नाही.

लामाराने पटाकडे पाहिलं. दोन तास ती एका प्याद्याने कमी होती आणि गळक्या छपराखाली भांडी सरकवावीत तशी आपला हत्ती इकडून तिकडे हलवत होती. चार मिनिटं विचार करून तिने हात पुढे केला. जुंबेरने तो हातात घेतला, आणि सोडायला लागतात त्यापेक्षा दोन सेकंद जास्त लावले. लामाराने ते मोजले. सवयच तशी.

डाव संपला की दोघांनी एकमेकांच्या नोंदीच्या कागदावर सही करायची असते. लामाराने त्याचा कागद पुढे ओढला आणि तिचं पेन हवेतच थांबलं. एकेचाळिसाव्या ओळीत काहीतरी लिहून खोडलेलं होतं, आणि त्याच्या पुढे हत्तीची ती साधी चाल. खोडलेलं वाचता येत होतं — प्यादं, जी-चार या घरात.

तिच्या पिढीतल्या प्रत्येकाला लहानपणी असंच शिकवलेलं होतं : आधी चाल कागदावर लिहायची, पेन खाली ठेवायचं, पट एकदा परक्याच्या नजरेने बघायचा, मगच मोहऱ्याला हात लावायचा. आता नियमाने ते बंद झालं आहे. आधी खेळायचं, मग लिहायचं. पंच मनाना हिने जुंबेरला पहिल्या फेरीत ताकीद दिली होती, तिसऱ्या फेरीत पुन्हा दिली होती. साठ वर्षांची सवय लागलेला हात ऐकत नव्हता.

आणि म्हणूनच त्या ओळीचा अर्थ लामाराला सरळ कळला. याने जी-चार पाहिलं. लिहिलं. मग खोडलं, भलतीच मवाळ चाल केली आणि बरोबरी मागितली. तिने पुन्हा पटाकडे पाहिलं. जी-चारनंतर तिच्या राजाला श्वास घ्यायला जागा नव्हती. अर्ध्या मिनिटात दिसलं. तो जिंकत होता.

तिने सही केली. ‘विश्लेषणाच्या खोलीत या,’ ती म्हणाली. ‘आत्ता.’

*

ओळख सहा दिवसांची.

डाव झाल्यावर दोघांनी शेजारच्या खोलीत बसायचं, तोच डाव पहिल्यापासून पुन्हा मांडायचा आणि कोणाचं कुठे चुकलं ते बघायचं, ही खेळाडूंची रीत. पण हरलेला माणूस बसेलच असं नसतं. पहिल्या फेरीत लामाराने बातुमीच्या एका निवृत्त कर्नलला हरवलं, तो सही टाकून तरातरा निघून गेला. लामाराला राग आला नाही. ती स्वतः हरली की पन्नास वर्षांत एकदाही बसलेली नव्हती.

ती एकटीच डाव मांडत होती. मागून ओल्या लोकरीचा वास आला आणि कोणीतरी म्हणालं, ‘इथे, अठराव्या चालीला... तुमच्या मनात काय होतं?’

तिने वळून पाहिलं. सडपातळ माणूस, जाडजूड भुवया, कोटाचे दोन्ही खिसे संत्र्यांनी फुगलेले.

‘तुम्ही कोण?’

‘सहाव्या पटावर हरलेला. हरलेल्याला कोणी भेटायला येत नाही, म्हणून मी जिंकलेल्यांना भेटतो.’ बोलण्याचा वेग असा, की भरभर बोलणाऱ्या गुरिया प्रांतातला आहे हे वेगळं सांगायला नको.

लामारा त्याला हाकलूनच देणार होती. पण तो प्रश्न... नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. लेक नाना इटलीत, बारी शहरात, तिथल्या एका म्हातारीला सांभाळते. रोज संध्याकाळी फोन करून विचारते — गोळी घेतलीस? जेवलीस? दाराला कडी लावलीस? सगळे प्रश्न योग्य. सगळ्यांची उत्तरं ‘हो’. तुझ्या मनात काय होतं, असं नऊ वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. नवऱ्याने तरी विचारलं होतं का, हे तिला पटकन आठवेना.

त्या दिवशी तिने अठराव्या चालीबद्दल तासभर सांगितलं.

मग रोजच. फेरी संपली की तो खोलीत आलेला असे. संत्र्याचं साल एका सलग पट्टीत सोली, फोडी पटाच्या कडेला मांडी, मारलेल्या प्याद्यांच्या रांगेत.

‘तुमच्या राजाला बाहेर पडायची एवढी घाई का?’ ती विचारी.

‘घरात बसून कंटाळला.’

‘आणि त्याचा मालक?’

‘मालकाचं काय विचारता! चहाचा कारखाना बंद पडल्यापासून मालक घरातच आहे. बायको होती तोवर भांडायला तरी कोणी होतं.’ एक फोड तिच्याकडे सरकवून तो पटकन म्हणे, ‘घ्या, हे प्यादं फुकट आहे.’

‘फुकटचं मी घेत नाही.’

‘मग बदल्यात हसा थोडं.’

तिसऱ्या दिवशी तिने त्याला सांगितलं, की वयाच्या विसाव्या वर्षी तिबिलिसीत एका मोठ्या खेळाडूने आपला जिंकत आलेला डाव तिच्याशी बरोबरीत सोडला होता. मुलगी आहे, म्हणून. तिने त्याच्यासमोर नोंदीचा कागद फाडला होता. जुंबेर मोठ्याने हसला, मग हसायचा थांबला. ‘बरं केलंत,’ म्हणाला.

म्हणजे त्याला माहीत होतं.

शनिवारी संध्याकाळी शेवटच्या फेरीच्या जोड्या लागल्या. पाचवा पट : कलांदाझे विरुद्ध कुतातेलाझे. दुसऱ्या दिवशी आमनेसामने असलेले एका टेबलावर जेवत नाहीत. त्याने भोजनगृहाच्या दुसऱ्या टोकाहून मिठाची बाटली उचलून दाखवली — हवंय? तिने नको म्हणून मान हलवली, आणि अळणी राजमा तसाच संपवला.

*

‘जी-चार,’ लामारा म्हणाली. विश्लेषणाच्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

‘हो.’

‘लिहिलं होतंत.’

‘लिहिलं होतं. मग हात थरथरला.’

‘हा हात? सहा दिवस संत्र्याचं साल न तोडता सोलणारा?’

‘खेळताना वेगळा थरथरतो.’

‘बातोनो जुंबेर, मी चाळीस वर्षं कुताइसीत मुलींना बुद्धिबळ शिकवलं. दहा वर्षांच्या मुली याहून बरं खोटं बोलतात.’

त्याने एक प्यादं उचललं, बोटांत फिरवलं, जागेवर ठेवलं. पुढचं तो सावकाश बोलला. गुरियाचा माणूस सावकाश बोलायला लागला, की ऐकणाऱ्याने सावध व्हावं.

‘हरलात की तुम्ही बसत नाही. तुम्हीच सांगितलंत. आज शेवटचा दिवस. तुमची गाडी पाचची. मी जिंकलो असतो, तर एक वीसला तुम्ही उठून गेला असतात. मग तिसऱ्या नंबरचा कप घेऊन मी... कोणाशी बोललो असतो?’

‘म्हणजे दया केलीत.’

‘दया कसली? स्वार्थ. निव्वळ स्वार्थ.’

लामाराला राग आला तो दुप्पट आला. या अर्ध्या गुणामुळे सर्वोत्तम महिला खेळाडूचा चषक तिला मिळणार होता. चार वाजता, सगळ्यांसमोर.

‘मला बसवून घ्यायचं होतं तर तसं विचारायचं. मध्ये डाव कशाला घातलात?’

‘विचारलं असतं, तर काय म्हणाला असतात?’

तिने कोट उचलला.

वाटेत तिने मनानाला गाठलं. निकाल बदलता येईल का? मनाना पन्नाशीची, कामाला चोख. ‘सह्या झाल्या, निकाल झाला,’ ती म्हणाली. ‘काही तक्रार आहे का, कल्बातोनो?’

‘तक्रार नाही,’ लामारा म्हणाली. ‘मला हरायचं होतं.’

तीस वर्षांत मनानाकडे असा अर्ज कोणी केला नव्हता.

*

कोबुलेतीचा किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे. नोव्हेंबरात तिथे कोणी नसतं. टपऱ्यांना फळ्या ठोकलेल्या, छत्र्यांचे नुसते दांडे उभे. पाऊस समुद्राकडून आडवा येत होता. लामारा गोट्यांवरून अडखळत चालत राहिली. खिशात फोन होता, पण लावायचा कोणाला? या वेळी नाना त्या म्हातारीला आंघोळ घालते.

चालता चालता तिच्या लक्षात आलं, की आपण कोणावर तरी रागावलो आहोत. नऊ वर्षांत पहिल्यांदा. रागवायलासुद्धा एक माणूस लागतं... ते मिळालं होतं, आणि आपण त्याला तिथे सोडून आलो.

हे बरं नव्हे, असं वाटून तिने नेहमीचा उपाय केला. डोक्यात पट मांडला. जी-चार. राजा कोंडला. ठीक. राजाला कोंडू दे की. हत्तीने त्याच्यापाशी राखण करत का बसावं? हत्तीने सरळ खाली जावं, पहिल्या ओळीत, पांढऱ्या राजाच्या पाठीमागे, आणि तिथून शह द्यावेत. एक, दोन, तीन... लामारा थांबली. लाट तिच्या बुटांत शिरली तरी हलली नाही. मग वळली, आणि गुडघ्यांना झेपेल तेवढ्या वेगाने परत निघाली.

तीनला दहा कमी होते. जुंबेर तसाच बसला होता. समोर एकेचाळिसाव्या चालीची जागा मांडलेली, शेजारी चहाचे दोन पेले. एकावर बशी झाकलेली.

‘करा जी-चार,’ ती उभ्यानेच म्हणाली. कोटातून पाणी गळत होतं.

त्याने केलं. तिने हत्ती खाली नेला.

‘आता लपवा राजा, कुठे लपवायचा तो.’

जुंबेर पटावर वाकला. दहा मिनिटांनी त्याने राजा बाजूच्या घरात सरकवला. ‘इकडे येतो.’

‘शह.’

‘मग वर.’

‘पुन्हा शह. आणि हे प्यादं गेलं.’

‘थांबा, थांबा... आधी मी हत्ती आडवा घालतो.’

लामारा खुर्चीत बसली. ‘आडवा?’

‘आडवा. पण थांबा, म्हणजे मी खोडलं ते बरोबरच खोडलं! जी-चारने काहीच होत नव्हतं. बरोबरी खरीच होती!’

‘अजून ठरलं नाही. तुमचा हा आडवा हत्ती मला नीट बघावा लागेल.’

‘अहो, पण तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात?’

‘मला कोणी काही दान दिलेलं नसावं, एवढंच मला हवंय.’

‘आणि मला...’ तो बशी बाजूला करत म्हणाला, ‘तुम्ही चहा प्यावात. गार झालाय. शिवाय वाईट आहे, पिशवीचा आहे.’

तिने तो घोटाघोटाने सगळा प्यायला.

चार वाजता सभागृहातून टाळ्या ऐकू आल्या. लामाराचं नाव पुकारलं गेलं, मग पुन्हा एकदा पुकारलं गेलं. थोड्या वेळाने मनाना चषक हातात घेऊन दारात उभी राहिली.

‘कल्बातोनो, लोक थांबलेत.’

‘हा डाव बरोबरीचा होता की नाही, ते ठरल्याशिवाय मी कप घेणार नाही.’

‘एवढंच ना?’ मनानाने चषक काखेत धरला आणि फोन काढला. ‘पटाचा फोटो घेते, यंत्राला विचारते. दोन सेकंदांचं काम.’

‘नको!’

दोघं एकदम म्हणाली. लामारा आपल्या राजाकडे बघत राहिली, जुंबेर त्याच्या राजाकडे. बहात्तर वर्षांच्या माणसाचे कान लाल होऊ शकतात, हे मनानाने त्या दिवशी पाहिलं.

तिने फोन खिशात ठेवला. ‘कप माझ्या कपाटात ठेवते,’ ती म्हणाली आणि जाताना दार ओढून घेतलं. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे ते उघडं ठेवायचं असतं.

*

पाचच्या गाडीपर्यंत जायला एकच छत्री होती, त्याची. एक काडी मोडलेली.

‘तुमचा डावा खांदा भिजतोय,’ ती म्हणाली.

‘त्याला सवय आहे. तुम्ही तुमचा हत्ती सांभाळा.’

‘आता चाल तुमची. विचार करून कळवा.’

‘मी फोन करतो. सकाळी अकराला. तुम्ही चाल सांगायची, मी माझी सांगेन. दिवसाला चार-पाच तरी होतील.’

‘एक,’ लामारा म्हणाली. ‘दिवसाला एकच.’

‘एकच? का?’

मिनीबसचं दार उघडलं. तिने पिशवी आत ठेवली, पायरीवर चढली, आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, ‘लवकर संपेल ना... नाहीतर.’

गाडी हलली तेव्हा तो छत्री मिटून उभा होता. पाऊस चालूच होता.

सोमवारी अकराला फोन आला. मंगळवारीही. बुधवारी चाल त्याची होती; ती सांगायला अर्धं मिनिट लागलं, बाकीचं बोलणं पन्नास मिनिटं चाललं. बंद कारखान्याच्या मळ्यात चहाची झुडपं माजली आहेत, आपण त्यातलीच पानं खुडून घरी वाळवतो, ती पुडी तुम्हाला पोचवायची आहे, असं तो म्हणाला. संध्याकाळी नानाचा फोन आला.

‘सकाळी लावत होते, सारखा व्यस्त. कोणाशी बोलत होतीस?’

‘एका डावाचं विश्लेषण चाललंय, आई.’ इथल्या सगळ्या आयांसारखी लामाराही लेकीला आईच म्हणे.

‘कोणाच्या डावाचं?’

‘...आमच्या.’

कडी लावलीस का, हे त्या दिवशी नाना विचारायची राहिली.

गुरुवारी लामाराने तिची सगळ्यात चांगली चाल सांगितली. जुंबेर म्हणाला, ‘याला वेळ लागेल. उद्या सांगतो. आणि कल्बातोनो लामारा... उद्या चालीशिवाय आणखी एक विचारायचं आहे.’

‘आत्ता विचारा.’

‘दिवसाला एकच म्हणाला होतात.’

शुक्रवारी ती साडेदहापासून फोनजवळ होती. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. फोन आला नाही. बाराच्या बातम्यांत सांगितलं, की पहाटेच्या वादळाने गुरियात झाडं पडली, ओझुर्गेती भागात वीज नाही. तिने त्याचा नंबर लावला. संपर्क होत नव्हता. शनिवारीही होत नव्हता. गुरियात वीज गेली की दोन-दोन दिवस येत नाही, फोन बंद पडतात, त्यात काळजीचं काही नसतं. हे ती शनिवारी दिवसभर स्वतःला सांगत होती. स्वयंपाकघरातल्या पटावर तिची गुरुवारची चाल तशीच होती. तिने पटावरची धूळ दोनदा पुसली. धूळ नव्हती.

रविवारी सकाळी साडेआठला तिने मनानाला फोन केला, फोनवरच्या डावाचं सांगितलं आणि जुंबेरचा पत्ता मागितला.

प्रवेश-अर्ज शोधायला मनानाला थोडा वेळ लागला. ‘घराला नंबर नाही. “चहाच्या जुन्या कारखान्यामागे”, एवढंच लिहिलंय.’

‘पुरे.’

‘कल्बातोनो, तिकडे वीज नाहीये. एक-दोन दिवसांत येईल, मग तेच फोन करतील. शिवाय चाल त्यांची आहे ना? तुम्ही थांबायचं.’

‘थांबायचं मला चांगलं जमतं,’ लामारा म्हणाली. ‘म्हणूनच निघते आहे.’

तिने उबदार मोजे घातले, पिशवीत मक्याच्या चार भाकऱ्या आणि चीज घेतलं, दाराला कडी लावली. दहा वाजून पस्तीस मिनिटांनी ओझुर्गेतीची मिनीबस कुताइसीहून सुटली. लामारा चालकाच्या मागच्या सीटवर होती. सुटण्याआधी तिने एकदा नंबर लावून पाहिला; संपर्क झाला नाही. रस्ता सुरू आहे का, असं तिने चालकाला विचारलं. सुप्सा नदीच्या पुलापर्यंत सुरू आहे, असं तो म्हणाला. पुढचं त्याला माहीत नव्हतं.